लुटीचा ऐवज आणि विद्यापीठांची सबब

केंब्रिजच्या जीझस कॉलेजच्या बोधचिन्हात कोंबड्यांची तीन डोकी आहेत. संस्थापक बिशप जॉन ऑलकॉक यांच्या आडनावावर केलेली ती पाचशे वर्षांपूर्वीची कोटी. साहजिकच १९०५ साली एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी कॉलेजला धातूचा कोंबडा भेट दिला तेव्हा तो अगदी घरचाच वाटला असणार. पुढे तो भोजनगृहात विराजमान झाला. देणगीदार जॉर्ज विल्यम नेव्हिल हे लागोसमधले व्यापारी आणि बँकर. १८९७ मध्ये ब्रिटिश फौजेने आजच्या नायजेरियातले बेनिन शहर जिंकून लुटले, त्या मोहिमेबरोबर ते गेले होते. हा कोंबडा शोभेची वस्तूही नव्हता. बेनिनमध्ये असे कोंबडे राजमातेच्या स्मरणवेदीवर मांडण्यासाठी ओतले जात. २०१६ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी ठराव करून तो परत करण्याची मागणी केली, तेव्हा तो भोजनगृहातून हलवला गेला. समिती बसली, अहवाल आला आणि २७ ऑक्टोबर २०२१ रोजी कोंबडा नायजेरियाच्या प्रतिनिधींच्या हाती दिला गेला. दुसऱ्याच दिवशी स्कॉटलंडच्या अ‍ॅबर्डीन विद्यापीठाने बेनिनच्या राजाचे धातूचे मस्तक परत केले. या दोन दिवसांनंतर युरोप-अमेरिकेतल्या विद्यापीठांना एक प्रश्न टाळणे अवघड झाले आहे: ज्ञानासाठी म्हणून जपलेल्या आफ्रिकी संग्रहांत लुटीचा माल किती, आणि तो ठेवून घेण्याला ज्ञानाचा आधार आहे तरी का?

माझे म्हणणे असे की तो आधार नाही. राष्ट्रीय संग्रहालयांकडे निदान कायद्याची ढाल आहे. विद्यापीठांकडे तीही नाही, आणि ज्या संशोधनाचा दाखला ती देतात त्याच संशोधनाच्या शिस्तीत या संग्रहांचा निकाल त्यांच्या विरोधात जातो.

बेनिनचे प्रकरण पुराव्यानिशी तपासता येते, म्हणून तेच घेऊ. प्रचलित कथा अशी: जानेवारी १८९७ मध्ये हंगामी कॉन्सुल-जनरल जेम्स फिलिप्स नि:शस्त्र शिष्टमंडळ घेऊन बेनिनच्या ओबाकडे, म्हणजे राजाकडे, निघाला, वाटेत त्याची कत्तल झाली, म्हणून इंग्रजांनी शिक्षा देण्यासाठी मोहीम काढली. कत्तल झाली हे खरे. पण त्याच फिलिप्सने नोव्हेंबर १८९६ मध्ये लंडनला पाठवलेले पत्र उपलब्ध आहे. त्यात तो ओबाला गादीवरून काढण्याची परवानगी मागतो आणि राजवाड्यात पुरेसे हस्तिदंत सापडेल, त्यातून या कारवाईचा खर्च निघेल, असा भरवसाही देतो. सूड उगवण्याचे निमित्त घडण्यापूर्वीच वसुलीचा हिशेब मांडून झाला होता. रिअर अ‍ॅडमिरल हॅरी रॉसनच्या हाताखाली सुमारे बाराशे सैनिक गेले, १८ फेब्रुवारीला शहर पडले, २१ तारखेला आग लागून राजवाड्यासह मोठा भाग बेचिराख झाला. ओबा ओवोनरामवेन कालाबारला हद्दपारीत गेला आणि १९१४ मध्ये तिथेच मरण पावला. हजारो पितळी फलक, मस्तके, घंटा आणि कोरलेले हस्तिदंत बाहेर काढले गेले. काही सरकारने खर्च भागवण्यासाठी विकले, बरेच अधिकाऱ्यांनी आपापसात वाटून घेतले, आणि लंडनच्या लिलावगृहांतून व दलालांच्या दुकानांतून ते संग्राहकांकडे पोचले. म्हणजे संग्रहालयांनी उत्खनन केले नव्हते की कोणी अभ्यासक गावोगाव फिरून वस्तू जमवत नव्हता. बाजारात आलेली युद्धलूट त्यांनी घेतली.

या बाजाराचे एक मोठे गिऱ्हाईक होते जनरल ऑगस्टस पिट रिव्हर्स. त्यांनी आपला पहिला संग्रह १८८४ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाला दिला, तो एका अटीवर: विद्यापीठाने मानवशास्त्राचा अध्यापक नेमावा. एडवर्ड टायलर यांची नेमणूक त्यातून झाली. इंग्लंडमध्ये हे शास्त्र विद्यापीठात आले ते असे, वस्तूंच्या पाठोपाठ. पिट रिव्हर्स यांची मांडणी देशवार नव्हती. ढाली एकीकडे, भाले दुसरीकडे, साध्याकडून गुंतागुंतीच्याकडे अशी रांग, आणि तिच्यातून मानवजातीची चढती भाजणी दाखवायची. त्यांचा हेतूही लपलेला नव्हता. प्रगती पायरीपायरीनेच होते, उडी मारून होत नाही, हे सामान्य लोकांना समजले तर ते क्रांतीच्या नादी लागणार नाहीत, असे त्यांनी १८९१ च्या व्याख्यानात उघड सांगितले होते. या रांगेत आफ्रिकेची जागा कुठे असणार हे वेगळे सांगायला नको. आणि मग बेनिनची पितळी शिल्पे समोर आली. मेणाचा साचा वितळवून ओतलेली, इतकी सफाईदार की ब्रिटिश म्युझियमच्या तज्ज्ञांनी आधी पोर्तुगीजांचा प्रभाव शोधला, इजिप्तशी धागा जोडून पाहिला. बर्लिनच्या फेलिक्स फॉन लुशान यांनी मात्र या ओतकामाची तुलना युरोपच्या उत्तम कारागिरांशी केली. पण आफ्रिका खालच्या पायरीवर आहे या सिद्धांताला समोरच्या पुराव्याने तडा जात असतानाही कोणाला तो पुरावा परत करावासा वाटला नाही.

‘आम्ही या वस्तू वाचवल्या, त्यामुळे ज्ञान वाचले’ हा दावा इथेच तपासायला हवा. बेनिनच्या राजवाड्यात प्रत्येक दिवंगत ओबाची वेदी असे. तिच्यावर मस्तके, मस्तकांवर रोवलेले कोरीव हस्तिदंत, शेजारी घंटा. कोणते मस्तक कोणत्या वेदीवरचे, कोणता दंत कोणत्या मस्तकाचा, हे कळले असते तर राज्याचा इतिहास क्रमाने वाचता आला असता, कारण तिथे लेखी बखरी नव्हत्या. वेद्याच बखरी होत्या. सैनिकांनी वस्तू उचलल्या, जागा नोंदवल्या नाहीत. नंतरच्या अभ्यासकांनी शैली, वजन, धातूचे मिश्रण यांवरून कालक्रम लावण्यात हयाती घालवल्या, आणि तो वाद अजून मिटलेला नाही. विखुरण्याचे प्रमाण किती होते ते २०२२ मध्ये स्पष्ट झाले. डिजिटल बेनिन या प्रकल्पाने तेव्हा २० देशांतल्या १३१ संस्थांमधील ५,२४६ वस्तूंची एकत्रित यादी इंटरनेटवर आणली. लूट झाल्यापासून सव्वाशे वर्षांनी! जगातल्या नामांकित विद्यापीठांनी आणि संग्रहालयांनी एवढ्या काळात हे साधे प्राथमिक कामही पुरे केले नव्हते, हे त्यांच्या संशोधनप्रेमाच्या हिशेबात लिहून ठेवायला हवे.

आज कोणत्याही विद्यापीठात संशोधकाला पहिल्यांदा विचारतात की सामग्री कुठून आणली, ज्यांच्याकडून घेतली त्यांची संमती होती का. उत्तर नसेल तर नीतिसमिती प्रस्तावच मंजूर करत नाही. तीच विद्यापीठे काचेच्या कपाटात जी पट्टी लावत आली, तिच्यावर असे वस्तूचे नाव, प्रदेश, ‘संकलक’ म्हणून कोण्या कॅप्टनचे नाव आणि देणगीचे वर्ष. मिळवण्याची रीत गाळलेली. संदर्भ न देता मजकूर उचलणाऱ्या विद्यार्थ्याला जे नियम लागतात, ते या पट्टीला लावले तर ती नापास होईल. वस्तूचा उगम शोधून जाहीर करणे आणि त्या शोधातून जो निष्कर्ष निघेल तो मान्य करणे हे उपकार नव्हेत. ते अर्धवट सोडलेले संशोधन पूर्ण करणे आहे.

हे करता येते याचा दाखला लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील फाउलर म्युझियमने दिला. १९६५ मध्ये त्याला हेन्री वेलकम यांच्या संग्रहातून सुमारे तीस हजार वस्तू मिळाल्या होत्या. त्यांतल्या आफ्रिकी वस्तूंचा उगम शोधायचे काम संग्रहालयाने अलीकडे अनुदान घेऊन हाती घेतले. त्यात आजच्या घानातील असांते राजघराण्याच्या सात वस्तू पुढे आल्या. सोन्याचा कंठा, आसनाची सोन्याची भूषणे, लाकूड-चामड्याची खुर्ची, हत्तीच्या शेपटीची चवरी. त्यांतल्या चार इंग्रजांशी झालेल्या १८७४ च्या युद्धात, ब्रिटिश सेनापती गार्नेट वुल्सलीच्या फौजेने कुमासीचा राजवाडा लुटला तेव्हाच्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये, लुटीला दीडशे वर्षे होत असताना, या सातही वस्तू कुमासीला कायमच्या आणि विनाअट परत गेल्या. त्याच वर्षी ब्रिटिश म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमनेही असांते सोने कुमासीला पाठवले, पण तीन वर्षांसाठी, उसने. आणि त्याच वर्षी त्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्टकडून साताऱ्याला वाघनखे आली, तीही तीन वर्षांच्याच मुदतीने. मुळात नेलेला ऐवज मूळ घरी उसना पाठवायचा आणि औदार्य आपल्या नावावर लावायचे; आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच. या दोन संस्थांकडे एक कारण मात्र आहे. ब्रिटिश म्युझियमचे हात १९६३ च्या कायद्याने बांधलेले आहेत, व्हिक्टोरिया अँड अल्बर्टचे १९८३ च्या. संग्रहातली वस्तू काढून देण्याची त्यांना जवळपास मुभाच नाही. ऑक्सफर्ड-केंब्रिजवर असे कोणतेही बंधन नाही. इंग्लंडच्या कायद्यात ती धर्मादाय संस्था आहेत, आणि धर्मादाय आयोगाची संमती घेऊन ती वस्तू देऊ शकतात. केंब्रिजला बेनिनच्या ११६ वस्तूंसाठी अशी संमती मिळालीही. घोडे पेंड खाते ते कायद्यापाशी नाही.

यावर पहिला आक्षेप खरेदीचा असतो. आम्ही तर लिलावात रीतसर पैसे मोजले, मग आमचा काय दोष? अ‍ॅबर्डीनने ते मस्तक १९५७ मध्ये लिलावातूनच घेतले होते. मोहीम होऊन साठ वर्षे उलटली होती आणि विकणारा लुटारू नव्हता. तरीही विद्यापीठाच्या समितीने एकमताने ते परत करायचे ठरवले, कारण मधल्या खरेदी-विक्रीने मूळ व्यवहार शुद्ध होत नाही. अवघड प्रश्न युद्धलुटीच्या पलीकडे सुरू होतो: प्रशासकांनी, मिशनऱ्यांनी ‘विकत घेतलेल्या’ किंवा ‘भेट मिळालेल्या’ वस्तूंचे काय? इथे मी सरसकट विधान करणार नाही. वसाहतींच्या काळातही लोक आपखुशीने वस्तू विकत होते, खास परदेशी गिऱ्हाइकांसाठी बनवतही होते. त्यांना लुटीचे बळी ठरवणे हाही त्यांचा अपमानच. पण मासाई प्रतिनिधींनी ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स म्युझियममध्ये येऊन कपाटे पाहिली तेव्हा काय झाले ते लक्षात घेण्याजोगे आहे. त्यांना तिथे वडिलांच्या मृत्यूनंतर मुलाकडे जाणारे कडे सापडले. असे कडे विकले जात नाही, भेटही दिले जात नाही. ते घराबाहेर गेले याचा अर्थ त्या घरावर काहीतरी गुदरले होते. नोंदवहीत वस्तू होती, देणाऱ्याचे नाव होते, पण हा अर्थ कुठेच नव्हता. तो फक्त मासाईंना ठाऊक होता. म्हणून प्रत्येक वस्तूची वेगळी तपासणी हवी, आणि ती एकट्या क्युरेटरने कागद चाळून होणारी नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. नायजेरियाच्या संग्रहालयांतून विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत चोऱ्या झाल्या, आणि त्या लहानसहान नव्हत्या. हे नाकारण्यात हशील नाही. पण दुसऱ्या पारड्यातही वजन टाकायला हवे. १९४१ च्या बॉम्बफेकीत लिव्हरपूलच्या संग्रहालयाचे अतोनात नुकसान झाले. २०२३ मध्ये ब्रिटिश म्युझियमने स्वतःच कबूल केले की सुमारे दोन हजार वस्तू गहाळ, चोरीला गेलेल्या किंवा खराब झालेल्या आहेत. पिट रिव्हर्स यांनी आयुष्याच्या अखेरीस जमवलेला दुसरा संग्रह डॉर्सेटमधल्या फार्नम गावी होता. त्यातल्या बेनिनच्या वस्तूंचे सचित्र पुस्तक १९०० मध्ये छापले गेले. पुढे वारसांनी तो संग्रह विकून टाकला आणि वस्तू खासगी मालकांकडे पांगल्या. पुस्तक उरले. जपणुकीची हमी गोऱ्या हातांत आपोआप असते हे यातून तरी दिसत नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यांत बोचरा आहे आणि तो आफ्रिकी वंशाच्या लोकांकडूनच आला. न्यूयॉर्कचा रिस्टिट्यूशन स्टडी ग्रुप म्हणतो की बेनिनच्या राजांनी माणसे विकून जी पितळी कडी मिळवली, ती वितळवूनच ही शिल्पे घडली. तेव्हा विकल्या गेलेल्यांच्या अमेरिकेतल्या वंशजांचाही त्यांच्यावर हक्क आहे, ती ओबाच्या हाती का द्यायची? गुलामांच्या व्यापारातला बेनिनचा वाटा इतिहासाला मान्य आहे. तो लपवून परतफेडीचे समर्थन करणारे आपली बाजूच कमकुवत करतात. पण या युक्तिवादाचा शेवट कुठे होतो ते पाहा. त्यातून फार तर गुलामांच्या वंशजांचा हक्क सिद्ध होईल, ऑक्सफर्डचा नाही. गुलामांच्या व्यापारात स्वतः बुडालेल्या देशाच्या विद्यापीठाने तो दाखला देऊन ताबा राखणे म्हणजे निव्वळ साळसूदपणा. वस्तू कोणाला द्यायच्या हा पेच मात्र खरा आहे. मार्च २०२३ मध्ये नायजेरियाच्या अध्यक्षांनी परत येणाऱ्या वस्तूंची मालकी ओबाकडे असल्याचे जाहीर केले आणि दोन महिन्यांत केंब्रिजने ठरलेला हस्तांतर-समारंभ पुढे ढकलला. नंतर २०२५ मध्ये ओबा आणि नायजेरियाचा संग्रहालय आयोग यांच्यात व्यवस्थेबाबत करार झाला, आणि त्याच वर्षी नेदरलँड्सने ११९ वस्तू परत केल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस बेनिन शहरातल्या नव्या संग्रहालयाच्या उद्घाटनाच्या तोंडावर निदर्शकांनी धुडगूस घातला. भांडण मिटले असे कोणी म्हणू नये. पण वारसांचे आपसात पटत नाही म्हणून ऐवज तिऱ्हाइताने दाबून ठेवावा, असे कोणतेही न्यायशास्त्र सांगत नाही. वारस ठरवणे हे नायजेरियनांचे काम, आणि ते त्यांच्या पद्धतीने, त्यांच्या कोलाहलात होईल.

विद्यार्थ्यांचे नुकसान होईल, संग्रहालये ओस पडतील, ही भीती तर अगदीच पोकळ. पिट रिव्हर्स म्युझियममध्ये पाच लाखांहून अधिक वस्तू आहेत. बेनिनच्या वस्तू त्या मानाने मूठभर. शिवाय शिकणारे विद्यार्थी एकट्या ऑक्सफर्डमध्येच असतात काय? बेनिन शहरातल्या इगुन रस्त्यावर ओतकाऱ्यांची आळी आजही मेणाचे साचे करते. ज्या कारागिरांच्या पूर्वजांनी ही मस्तके ओतली, त्यांना ती जवळून पाहायची तर आधी व्हिसा मिळवावा लागतो. साऱ्या जगाचे संग्रहालय म्हणून मिरवणाऱ्या संस्थांची दारे नेमकी याच लोकांसाठी किती उघडी आहेत हे एकदा तपासून पाहावे.

‘त्या काळी यात कोणाला गैर वाटत नव्हते’ हे शेवटचे समर्थन राहते, आणि इथे गोष्ट आपल्या अंगणात येते. १८६८ मध्ये इथिओपियाचा सम्राट टेवोड्रोस याच्याविरुद्ध जी फौज गेली ती मुंबई इलाख्याची होती. सेनापती रॉबर्ट नेपियर मुंबईच्या लष्कराचा सरसेनापती होता. सुमारे तेरा हजार सैनिक, चव्वेचाळीस हत्ती, सगळा सरंजाम जहाजांतून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरला. मगदाला किल्ला पडला, सम्राटाने स्वतःवर गोळी झाडली, चर्च आणि खजिना लुटला गेला. लूट वाहून न्यायला पंधरा हत्ती आणि सुमारे दोनशे खेचरे लागली असे सांगतात. दालान्ताच्या पठारावर दोन दिवस लिलाव चालला आणि आलेला पैसा सैनिकांत वाटला. ब्रिटिश म्युझियमचा माणूस त्या लिलावात खरेदीला हजर होता. तिथल्या शेकडो चर्मपोथ्यांपैकी बहुतेक लंडनला गेल्या, काही ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या विद्यापीठ ग्रंथालयांत पोचल्या. तीनच वर्षांनी, १८७१ मध्ये, खुद्द पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी ब्रिटिश संसदेत या वस्तू आणल्या गेल्या याबद्दल खेद व्यक्त केला. तेव्हा त्या काळच्या लोकांना कळत नव्हते असे म्हणणे खोटे आहे. कळत होते, सोयीचे नव्हते.

आपण मराठी माणसे वसाहतवादी लुटीचा विचार करतो तो नेहमी लुटल्या गेलेल्यांच्या बाजूने, आणि वाघनखांपासून पुढे तशी कारणेही आहेत. पण पुण्याजवळ खडकीत केंद्र असलेल्या बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या पलटणीच्या युद्धसन्मानांत ‘अबिसिनिया’, म्हणजे इथिओपिया, हे नाव आजही आहे. हुकूम इंग्रजांचा होता, निर्णय आपला नव्हता, हे खरेच. तरी त्या मोहिमेची खोगिरे, दाणागोटा, मजुरांच्या भरत्या आणि जहाजांची भाडी यांचा कागद मुंबई सरकारच्या दप्तरातून गेला. ती दप्तरे मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात आहेत. इथिओपियाचे अभ्यासक मगदालाच्या पोथ्यांचा माग काढत असताना मुंबई आणि पुण्याच्या इतिहास विभागांतून एखाद-दुसरा संशोधक १८६७-६८ चे रुमाल सोडून बसला, मोहिमेबरोबर गेलेल्या आणि मुंबई बंदरात परत उतरलेल्या सामानाची यादी लावली, आणि ती अदिस अबाबाला पाठवली, तर त्यासाठी ऑक्सफर्डच्या परवानगीची गरज नाही.